बशीत पडलेला हत्ती

बांधणीच्या खोलीत मावशीचा एकच नियम होता. हातातलं काम वाचायचं नाही. डोळा अक्षरात अडकला की हात चुकतो, आणि एक घडी केसभर सरकली की पुढची सगळी पानं तिरकी जातात. एकतीस वर्षं तिनं हा नियम पाळला होता. कायद्याची पुस्तकं, कादंबऱ्या, अहवाल, शाळेची गणितं, लाखो पानं तिच्या हाताखालून गेली असतील. पण त्यातलं एक वाक्य विचारलं असतं तर तिनं हात वर केले असते.

"मी पुस्तकांची सुईण," ती म्हणायची. "बाळ पुढं मोठं होऊन काय दिवे लावतं, ते मला काय ठाऊक?"

खोली छापखान्याच्या मागच्या अंगाला होती. लांबट, एका भिंतीला तीन खिडक्या, आणि मधोमध दहा माणसं जेवायला बसतील एवढं टेबल. टेबलावर खळीचा डबा, दोरा, आणि मावशीची हाडाची पट्टी. ही पट्टी घडीवरून फिरवली की कागद असा बसायचा की जन्मभर उठणार नाही. पट्टी झिजून झिजून मावशीच्या अंगठ्याच्या आकाराची झाली होती. अंगठा पट्टीच्या आकाराचा झाला होता, असं मशीन चालवणारा म्हणायचा.

सध्या टेबलाखालीही वस्ती होती. मावशीची नात सुट्टीमुळे रोज तिच्याबरोबर यायची. दुसरीतून तिसरीत गेलेली, एका जागी क्षणभर न टिकणारी, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. टेबलाखाली तिनं वाया गेलेल्या कागदांचं जंगल मांडलं होतं. तीन ससे, एक कोल्हा, बरेच पक्षी आणि एक प्राणी, ज्याचं नाव अजून ठरायचं होतं. त्या जंगलाचे कायदे छापखान्याच्या कायद्यांहून कडक होते. मावशीनं चुकून पाय पुढं केला की खालून आरडाओरडा व्हायचा, "आज्जी! कोल्ह्याच्या घरात पाय घातलास!"

"कोल्ह्याला म्हणावं, भाडं दे," मावशी म्हणायची आणि पाय मागं घ्यायची.

त्या गुरुवारी टेबलावर मास्तरांचं पुस्तक आलं होतं. पुस्तक कसलं, एकच फर्मा! मोठा ताव, दोन्ही बाजूंना आठ-आठ पानं छापलेली. तीन घड्या घातल्या की सोळा पानांचं पुस्तक तयार. मध्ये दोन पिना, कडेनं कापणी, संपलं. तीनशे ताव होते. शनिवारी सुट्टीतल्या मेळाव्यात ती पुस्तकं शाळेत मुलांना वाटायची होती. मास्तरांनी त्या शाळेत चाळीस वर्षं गणित शिकवलं होतं, आणि त्यांच्याच हाताखाली शिकलेली बाई आता तिथं मुख्याध्यापिका होती. तिनंच मागं लागून मास्तरांकडून हे पुस्तक काढवलं होतं. कागदाच्या प्राण्यांवरच्या चौदा छोट्या कविता. मास्तर प्राणी करायचे हे सगळ्यांना माहीत होतं. कविता करतात हे कुणालाच माहीत नव्हतं.

मावशीनं पहिला ताव पुढं ओढला, पट्टी उचलली, आणि दारात मास्तर उभे राहिले.

"दुमडू नका," ते म्हणाले.

मास्तर म्हणजे किडकिडीत, उंच, आपण जागा अडवतोय की काय अशा काळजीनं उभे राहणारे गृहस्थ. फळ्यासमोर सिंहासारखे असायचे म्हणे. फळा गेला आणि सिंहही गेला.

"का हो? चूक राहिली का काही?"

"चूक नाही. सगळंच चुकलंय." मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "मालक कुठं आहेत? हे सगळं रद्दीत काढा म्हणून सांगायचंय."

"मालक चारला येतील. बसा तुम्ही. छापलेलं रद्दीत काढायचं म्हणजे त्यांनाच विचारायला हवं. मी काय, घडी घालणारी."

मास्तर स्टुलाच्या कडेवर बसले, पूर्ण बसायचा जणू परवाना नव्हता. मग न विचारताच सांगायला लागले. बोलायची सवय नसलेली माणसं एकदा सुरू झाली की अशीच सांगतात.

"काल शेजारच्या मुलांना वाचून दाखवल्या. पाच होती. दुसऱ्या कवितेला दोघं उठून गेली. तिसऱ्या कवितेला एकानं विचारलं, आजोबा, पुढं काय होतं? आता पुढं काय होणार? हत्ती आला. बेडूक उडाला. संपलं. त्यांचं बरोबर आहे हो मावशी. मी बोटांवर मोजून लिहिलंय. प्रत्येक ओळ आठ मात्रांची. एक मात्रा इकडची तिकडं होऊ दिली नाही. रात्री अंथरुणावर पडल्यावर मला कळलं, ही कविता नाही, हा पाढा आहे. आणि हे मी शनिवारी तीनशे मुलांच्या हातात देणार? त्यांच्यासमोर उभा राहून?"

कविता चांगली की वाईट हे मावशीला वाचल्याशिवाय कळणार नव्हतं, आणि वाचणं तर तिच्या कामात बसत नव्हतं. तिनं पट्टी खाली ठेवली. "चहा घ्या थोडा," ती म्हणाली. अशा वेळी तिला एवढंच येत होतं.

तेवढ्यात टेबलाच्या कडेवर आधी दोन हात आले, मग डोकं आलं.

"हे सगळं रद्दीत जाणार?" भिंगरीनं विचारलं.

"हो बाळ."

"मग मला एक मोठा कागद द्या. मला खराखुरा हत्ती करायचाय. बसता येईल एवढा."

"भिंगरे, आगाऊपणा पुरे," मावशी म्हणाली.

"देऊ द्या मावशी. तेवढाच उपयोग." मास्तरांनी स्वतः उठून एक ताव काढला आणि टेबलाच्या मोकळ्या टोकाला पसरून दिला. भिंगरी स्टुलावर चढली, तिथून टेबलावर चढली आणि गुडघ्यांवर बसून तावाकडं बघायला लागली.

"ई! हे उलटं छापलंय! वरची पानं डोक्यावर उभी आहेत!"

"घडी घातली की सरळ होतात," मावशी म्हणाली. "तुला सांगितलंय मागं."

पण पोरीचं लक्ष तोवर खालच्या ओळीत गेलं होतं. वाचता यायला लागून तिला वर्षच झालं होतं, आणि नवीन दात आलेल्या बाळासारखी ती दिसेल त्यात दात रोवायची. तावाच्या खालच्या कोपऱ्यात चौथं पान होतं आणि त्याला खेटून तेरावं. फर्म्यात असंच असतं. घडी पडल्यावर जी पानं लांब जायची असतात ती ताव उघडा असताना गळ्यात गळा घालून बसलेली असतात. चौथ्या पानावर हत्ती होता, तेराव्यावर बेडूक. पण हे पान कुठं संपतं, ते कुठं सुरू होतं, हे भिंगरीला कोण सांगणार? तिनं ओळीवर बोट ठेवलं आणि सरळ डावीकडून उजवीकडं, शेवटपर्यंत, वाचत गेली.

"कागद होता, शेपुट दाबा. हत्ती झाला, उडी मारतो. सोंड उचलुनी..." ती थांबली. बोटानं पुन्हा खात्री केली. "सोंड उचलुनी बशीत पडतो! दारी आला, चहा सांडतो!"

आणि ती अशी हसली की टेबलावरचा खळीचा डबा हलला. "आज्जी, हत्ती बशीत पडला! अगं, एवढा मोठा हत्ती! बशीत!"

मास्तरांचा चेहरा कागदासारखा झाला. "बघितलंत?" ते हळूच म्हणाले. "हसण्यावारीच गेलं."

"अहो, तिनं चुकीचं वाचलं. दोन पानं एकत्र वाचली. भिंगरे, हत्तीचं पान वेगळं, बेडकाचं वेगळं."

"पण ते जमतंय!" भिंगरी म्हणाली. तिला राग आला होता. "बघ ना, जमतंय!"

मावशीनं बघितलं. एकतीस वर्षांत पहिल्यांदा तिनं कामाच्या तावावरची अक्षरं वाचली. हत्तीची ओळ संपत होती तिथं बेडकाची ओळ अशी येऊन लागत होती, जणू एकाच मापानं कापलेल्या दोन फळ्या. कुठं फट नाही, कुठं टोक बाहेर नाही.

"मास्तर," ती म्हणाली, "हे जमतंय खरंच."

"जमणारच. दोन्ही आठ मात्रांच्या आहेत." मास्तर खिन्नपणे म्हणाले, आणि मग त्यांच्या कपाळावर एक आठी पडली. फळ्यावरचं गणित अनपेक्षित उत्तर देतं तेव्हा पडत असेल तशी. ते उठून तावाजवळ आले.

भिंगरीला आता दम धरवेना. तिनं ताव उलटा केला आणि मागच्या बाजूचं वाचलं. तिथं दुसऱ्या पानावर छापखान्याचा मजकूर होता आणि शेजारी पंधराव्यावर कासव. "सर्व हक्क कासव चाले, लेखकाकडे हळू निघाले," तिनं वाचलं. तिला त्यातलं काही कळलं नाही, पण मशीन चालवणारा दारात येऊन उभा होता तो खो खो हसला. "मास्तर, तुमचे हक्क निघालेत बरं का! पोचतील सावकाश!"

मास्तरही हसले. घाईनं, तोंडावर हात ठेवून, पण हसले.

पुढचं एक जोडपं अजिबात जमलं नाही. कोल्हा आणि उंट यांचं काही केल्या पटेना. भिंगरीनं त्यांना तिथंच सोडलं, ताव पुन्हा सुलटा केला, टेबलावरून उतरली, टेबलाला वळसा घालून पलीकडच्या बाजूला गेली. तिथून वरची पानं सरळ दिसत होती. खिडकी तिच्या पाठीशी होती. तिनं बोट ठेवलं. हे बारावं आणि पाचवं पान होतं, मासा आणि पक्षी.

या वेळी ती सावकाश वाचत होती, कारण अक्षरं अवघड होती.

"पाणी नाही, पंख दुमडले. तरी पोहतो, दूर निघाला. मेजाखाली खिडकीमधुनी..."

बोट पुढं सरकलं.

"सागर असतो ढगात गेला."

कुणी हसलं नाही. भिंगरीनंही बोट उचललं नाही. तिनं मान वळवून खिडकीबाहेर बघितलं. बाहेर समोरच्या इमारतीच्या छपरावर साधाच एक ढग होता, रोज असतो तसला. पण खोलीतली चारही माणसं त्या ढगाकडं अशी बघत राहिली, जणू तो आत्ताच कुठूनतरी लांबून, अवजड काहीतरी उचलून आला होता आणि अजून खाली ठेवायला जागा शोधत होता.

"त्याच्यात सगळा समुद्र आहे?" भिंगरीनं विचारलं. आवाज अगदी बारीक. "माशांसकट?"

मास्तर तावावर वाकले होते. त्यांचे ओठ हलत होते.

"हे मी लिहिलेलं नाही," ते शेवटी म्हणाले. "मासा मी लिहिला. आई गेली त्या वर्षी. पक्षी त्यानंतर सहा वर्षांनी, दुसऱ्या घरात. एकाची दुसऱ्याशी ओळखही नव्हती." त्यांनी त्या ओळीवरून बोट फिरवलं, ती दुखेल की काय अशा बेतानं. "हे इथं कधीपासून होतं?"

काय आलं मावशीच्या मनात? असे किती ताव तिच्या हातून गेले होते. प्रत्येक तावावर अशीच अनोळखी पानं शेजारी बसलेली असणार, आणि तिनं न बघता पट्टी फिरवली असणार. त्यातलं बहुतेक कोल्ह्या-उंटासारखं निरर्थक, ते तर खरंच. पण सगळंच?

"आज्जी, तू घडी घातलीस की काय होतं?" भिंगरीनं विचारलं.

मावशीनं दुसरा ताव घेतला. एक, दोन, तीन. हात आपोआप चालले. डोक्यावर उभी असलेली पानं सरळ झाली, एकापाठोपाठ एक रांगेत आली. एरवी हे बघून पोरगी टाळ्या पिटायची. आता तिनं पुस्तक हिसकावून घेतलं, न कापलेली पानं फाकवून बघितली, पुन्हा बघितली.

"इथं मासा. आणि पक्षी कुठंय? पक्षी लांब गेला! मध्ये सहा पानं आली!" तिचे डोळे भरून आले. "ढगातला समुद्र गेला आज्जी. उघड. उघड ना!"

मावशीनं ताव उघडला. घडीच्या रेघा तशाच राहिल्या, पण समुद्र परत आला.

चारला मालक आले ते नेहमीप्रमाणे घाईत. वयानं मावशीच्या मुलाएवढे, पण मालक ते मालक. "झालं का मास्तरांचं? अरे, मास्तर इथंच आहेत. नमस्कार! मावशी, अजून एकही पिन मारली नाही? शनिवार काय पुढच्या महिन्यात आहे?"

मावशीनं मास्तरांकडं पाहिलं. सांगायचं ते मास्तरांनी सांगायचं होतं. रद्दी म्हणतील की घडी म्हणतील? तिला दोन्ही नको होतं, आणि तिसरं काही असतं हे तिच्या धंद्यात तिनं कधी ऐकलं नव्हतं.

मास्तर उठले. चष्मा काढला, पुसला नाही, तसाच हातात ठेवला.

"दुमडू नका," ते म्हणाले. "पिना मारू नका. कापूही नका. असंच द्या."

"असंच म्हणजे?"

"ताव. उघडा. एकेका मुलाला एकेक."

मालकांनी मावशीकडं पाहिलं. मावशीनं छताकडं पाहिलं.

"मास्तर, रागावू नका, पण ह्याला पुस्तक म्हणत नाहीत. अर्धं उलटं आहे हो! मुलं वाचणार कसं?"

"फिरून," भिंगरी म्हणाली.

"तू गप गं. मास्तर, मुलं ह्याची विमानं करतील. टोप्या करतील. संध्याकाळपर्यंत एक ताव धड राहणार नाही."

"करू देत," मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता, पण त्यात काहीतरी ताठ उभं राहिलं होतं. मशीन चालवणारा मास्तरांच्याच शाळेत शिकलेला; त्यानं नंतर शपथेवर सांगितलं, हाच तो जुना सिंह. "दोन पानांच्या मध्ये जे आहे ते माझं नाही. ते झाकायचा अधिकार मला नाही. आणि रद्दीत घालायचा तर मुळीच नाही."

"लोक मला हसतील. म्हणतील, छापखान्याला घडी घालता येत नाही."

"लोकांना माझं नाव सांगा."

मालकांनी मान हलवली, कपाळ चोळलं, तावावर ओझरती नजर टाकली. मग तीच नजर परत आली आणि थोडी थांबली. "बशीत पडतो?" ते पुटपुटले. "कोण बशीत पडतो?" आणि उत्तर मिळायच्या आत हात झटकून म्हणाले, "न्या. जसं हवं तसं न्या. मावशी, बांधून द्या त्यांना."

शनिवारी ताव घेऊन मावशीच शाळेत गेली. गठ्ठा जड होता, आणि मास्तरांचा काही भरवसा नव्हता. वाटेत धीर सुटला असता तर गठ्ठा कुठल्याशा बाकावर ठेवून ते घरी गेले असते. भिंगरी पुढं पळाली. शाळेचं सभागृह म्हणजे खुर्च्या बाजूला सारलेली मोठी मोकळी खोली. मुख्याध्यापिकेनं ताव वाटले. मास्तरांना दोन शब्द बोला म्हटलं, तर ते "आलोच" म्हणून बाहेर गेले ते व्हरांड्यातच भिंतीला टेकून उभे राहिले. आत यायला तयार नाहीत.

"तुम्ही बघून या," ते मावशीला म्हणाले. "उठून जातायत का तेवढं सांगा. खरं सांगा."

मावशी दाराशी गेली.

तिनं जन्मात न मोजता येतील इतकी पुस्तकं दुमडली होती, पण तिनं दुमडलेलं पुस्तक कुणी वाचताना तिनं कधी पाहिलं नव्हतं. आणि हे तर दुमडलेलंही नव्हतं. जमीन दिसत नव्हती. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताव पसरले होते आणि तावांभोवती मुलं रांगत होती, पालथी पडली होती, डोकं खाली करून वाचत होती, एकमेकांना वळसे घालत होती. एकीनं ताव उचलून खिडकीशी धरला होता आणि उजेडात मागच्या बाजूची अक्षरं पुढच्या अक्षरांतून चालताना बघत होती. दोघांनी कोल्हा आणि उंट यांचंही जमवलं होतं. कसं, ते त्यांनाच ठाऊक, पण पोट धरून हसत होते. कोपऱ्यात एका तावाचा हत्ती झाला होता, खरोखरच बसता येईल एवढा, आणि त्याच्या कानावर काय लिहिलंय ते वाचायला पाच जण रांगेत होते. कुणी "पुढं काय होतं" विचारत नव्हतं. जे व्हायचं ते मुलंच घडवत होती.

मावशी बघत राहिली. नकळत एक पाऊल आत पडलं.

"अहो आज्जी!" खालून एक मुलगा ओरडला. पुढचे दोन दात नसलेला, अतिशय गंभीर. "तुम्ही पाण्यात उभ्या आहात!"

"कुठल्या पाण्यात रे?"

"हे ताव म्हणजे बेटं. मधली सगळी जागा पाणी. देवमासा येतोय. लवकर या." त्यानं आपल्या तावावर सरकून तिला एक कोपरा दिला.

मावशीनं खाली बघितलं. दोन तावांच्या मधली चिंचोळी फरशी. तिनं घाईनं चपला काढल्या आणि एक टांग टाकून बेटावर गेली. वय विसरून, गुडघे विसरून. मुलानं तिचा हात घट्ट धरला. सगळी मुलं एका क्षणी गप्प झाली, आणि त्या चिंचोळ्या फरशीवरून काहीतरी प्रचंड मोठं, अगदी सावकाश, जवळून गेलं.

मग तिला बाहेरची हाक ऐकू आली. मास्तर दारापर्यंत आले होते, पण डोळे जमिनीवर.

"मावशी? आहेत का आत? की गेली सगळी?"

मावशीनं बेटावरूनच हात पुढं केला.

"चपला काढा, मास्तर," ती म्हणाली. "आणि जपून या. आत पाणी आहे."